पत सुधारून देणारे



थेरगावात हप्त्यावर दुचाकी न घेतलेले घर शोधावेच लागेल. दोन हप्ते चुकले की ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणारा गृहस्थ हजर! फी मात्र आगाऊ. वास्तविक पत-अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि चुकीच्या नोंदीची तक्रारही फुकटच करता येते. खऱ्या नोंदीपुढे या गृहस्थाचे काही चालत नाही.

तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर पुढे दररोज १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पण ती भरपाई बँक व पतमाहिती कंपनी यांच्या दिरंगाईची. मध्यस्थाने लाटलेल्या फीची नव्हे. फीसाठी दोन वर्षांच्या आत पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. पण पावती हवी, आणि नेमकी तीच हा गृहस्थ देत नाही!

अमेरिकेत फोनवरून असा धंदा करणाऱ्यांना आगाऊ फी घेण्याची मनाई आहे. ती मोडणाऱ्या कंपन्यांचे दिवाळे निघाले, तेव्हा दंडातून साठलेल्या सरकारी निधीतून सुमारे ४३ लाख ग्राहकांना १८० कोटी डॉलर देण्याचे २०२४ साली जाहीर झाले. आपल्याकडेही आधी ही आगाऊ फी बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.