पाणी शुद्ध की अशुद्ध, हे कोण ठरवणार?

(सोयगाव येथे तालुक्यातील महिला मंडळे, बचत गट आणि महिला ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज पाण्याविषयी बोलायचे आहे. पाणी किती लांबून आणावे लागते, हे मी तुम्हांला सांगायची गरज नाही. हिशेब तेवढा मांडते. सरकारी निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला झाले २७५ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा हंडे. नळ कोरडा पडला की हे अठरा हंडे कोणाच्या डोक्यावर येतात, ते इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

पाण्याच्या प्रश्नावर बायांनी आजवर जे लढे दिले, ते बहुतेक या रिकाम्या हंड्यासाठी. मुंबईत मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणू लागले ते अशाच लढ्यांमुळे. पाणी किती मिळते, किती लांबून आणावे लागते, हे विचारायला आपण शिकलो. आज मला त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. हंड्यात आलेले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे कोण ठरवते?

आपल्याकडे हे ठरवण्याची एक जुनी रीत आहे. तिला पाण्याशी देणेघेणे नसते, ती शिवणारा हात पाहते. कावळा शिवला की चार दिवस बाईने माठाला हात लावायचा नाही. दलित वस्तीतल्या बाईने विहिरीपासून लांब उभे राहायचे आणि कोणी वरून ओतील तेव्हा घ्यायचे. या रितीचा शहाणपणा किती, ते महाडला दिसले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्याची 'शुद्धी' केली. कशाने? १०८ घागरी पंचगव्याने, म्हणजे ज्यात शेण आणि गोमूत्र असते त्याने! माणसांनी ओंजळ भरून घेतलेले पाणी अशुद्ध, आणि शेण कालवलेले पाणी शुद्ध. पुढे कोर्टकचेरी झाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

हा इतिहास मी मुद्दाम सांगते आहे. पाणी शुद्ध की अशुद्ध हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो ठरवतो विहिरीवर कोणी यायचे, कोणी लांब राहायचे, आणि दोष कोणाच्या माथी मारायचा.

मग पाणी खरोखर नासते कशाने? त्यासाठी आपल्या पायाखालचा खडक समजून घ्यावा लागेल. आपला तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेला. मराठवाड्याचे बहुतेक पाणी गोदावरीला जाते, आपले मात्र तापीला मिळते. ज्या काळ्या पाषाणात अजिंठ्याची लेणी कोरली, तोच पाषाण आपल्या विहिरींच्या तळाशी आहे. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सांध्यांत साठते. पाणी वाळूतून जाताना गाळले जाते, तसे या भेगांतून जाताना फारसे गाळले जात नाही. त्यामुळे पहिला पाऊस झाला की उकिरड्याचे, गोठ्याचे, शौचालयाच्या खड्ड्याचे पाणी झपाट्याने विहिरीत येऊ शकते. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा, आणि आपल्यासारख्या भेगाळ जमिनीत त्याहून लांब असलेला बरा. आता आठवून पाहा, तुमच्या गावात तो किती पावलांवर आहे?

हे दूषित पाणी दिसायला स्वच्छ असते, चवीलाही गोड लागते. म्हणून परीक्षा करावी लागते. त्यातल्या काही परीक्षा अगदी सोप्या आहेत, चौथी शिकलेली बाईही त्या करू शकते.

पहिली, काळ्या बाटलीची. लहान बाटलीत औषध लावलेली कागदी पट्टी असते. बाटली खुणेपर्यंत भरायची आणि उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले, तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. असे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

दुसरी, क्लोरिनची. टीसीएल पावडर टाकल्यानंतर नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब घातले की पिवळा रंग यायला हवा. हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम पावडर लागते, आणि पाणी वापरण्याआधी निदान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. पिशवी उघडी किंवा दमट जागी राहिली की पावडरीचा जोर जातो. म्हणून पावडर टाकल्याची वहीतली नोंद पुरेशी नाही. शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला पिवळा रंग येतो का, ते पाहायचे.

तिसरी, नायट्रेटची. ही आपल्या भागात फार महत्त्वाची, कारण आपण कापूस आणि मका पिकवतो आणि युरिया टाकतो. पिकाने न घेतलेले नायट्रेट विहिरीत उतरते. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेले बाटलीचे दूध दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि ते निळे पडू शकते. अंगावरच्या दुधाने हा धोका टळतो. ही गोष्ट गरोदर बाईला, बाळंतिणीला आणि तिच्या सासूला कोणी सांगितली आहे का?

कागदावर याची व्यवस्था आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचे, असे ठरले. गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आरोग्य खाते स्रोतांची पाहणी करते आणि ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते. लाल म्हणजे धोका जास्त. आता मी विचारते: तुमच्या गावाला यंदा कोणते कार्ड मिळाले? समितीत असलेल्या किती जणींना आपण समितीत आहोत हे माहीत आहे? आमच्या कामात अशा बाया भेटल्या, की ज्यांची सही ठरावावर होती आणि तपासणीची पेटी कार्यालयाच्या कपाटात बंद होती.

एका गावात ती पेटी बाहेर निघाली. पाणी तपासायला शिकलेली बाई दलित वस्तीतली होती. सार्वजनिक विहिरीच्या पाण्याची तिची बाटली काळी पडली. विहिरीच्या वरच्या अंगाला एका वजनदार घराचा उकिरडा होता. "तुझ्या हाताची परीक्षा आम्ही मानत नाही," असे तिला तोंडावर सांगण्यात आले. पाहा, पुन्हा हातच! मग तीन वस्त्यांतल्या तीन बायांनी चावडीसमोर तीन बाटल्या भरल्या, तिथेच ठेवल्या आणि त्यांवर पहारा केला. तिन्ही काळ्या पडल्या. नमुना प्रयोगशाळेत गेला, तिथूनही तोच अहवाल आला. उकिरडा हलला. पण त्याच घराच्या शौचालयाचा शोषखड्डा अजून तिथेच आहे, ग्रामसभेत त्याचा वाद चालू आहे. तरी एवढे झाले, की या बाईने आता विहिरीवरून बोलायला सुरुवात केली की लोक गप्प बसून ऐकतात.

विहिरीबरोबर ओढ्याकडेही पाहायला हवे, कारण ओढा वाहतो तेव्हा विहीर भरते. ओढ्याची तब्येत ओळखायची एक रीत नदीचे अभ्यासक जगभर वापरतात. वाहत्या पाण्यातला दगड उलटून पाहायचा. खाली तीन शेपट्यांचे चपटे किडे किंवा बारीक खड्यांचे घर अंगाभोवती बांधून राहणाऱ्या अळ्या असतील, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. त्यांच्या जागी नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील, तर घाण वाढली आहे. यावरून पाणी पिण्याजोगे ठरत नाही, पण ओढा सुधारतो आहे की बिघडतो आहे ते कळते. शाळेतल्या मुलींना बरोबर घेऊन हे दर दोन महिन्यांनी करता येईल. आपली वाघूर लेण्यांपासून निघून पुढे धरणात अडते आणि त्या धरणाचे पाणी जळगाव शहर पिते. वरच्यांनी नदीत काय सोडले, ते खालच्यांच्या घशात जाते. सोना नदीच्या काठी राहणाऱ्यांनाही हे लागू आहे.

कायद्याचेही सांगते. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ साली झाला. त्याच्या जागी २००९ चा भूजल कायदा आला आणि २०१४ पासून लागू झाला. पिण्याच्या स्रोताचे रक्षण त्यातही आहे. ६० मीटरपेक्षा खोल म्हणजे सुमारे २०० फुटांखालच्या बोअरला तो खोल विहीर मानतो. गावाच्या विहिरीशेजारी रात्रीतून बोअरची गाडी उभी राहते, तेव्हा तक्रार कोणी करायची? ज्याच्याकडे पैसा आणि जमीन आहे, तो पाणी उपसतो. ज्यांच्या नावावर जमीनच नाही, त्या बायांच्या वाट्याला टँकरची रांग. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला आणि भूमिहीनांनाही हक्क दिला. ते तत्त्व आपण विसरू नये.

एक धोका मात्र ओळखून ठेवू या. पाणी भरणे बाईचे काम, आता पाणी तपासणेही बाईचेच फुकटचे काम, असे होता कामा नये. तपासणीला मानधन हवे. अहवालावर ग्रामपंचायतीने कारवाई केलीच पाहिजे. हंडा उचलायला घरातल्या पुरुषांनीही यावे. आपल्याला हवा आहे तो निर्णयाचा अधिकार.

म्हणून परत गेल्यावर चार गोष्टी करू या. एक, समितीच्या सदस्यांची यादी ग्रामपंचायतीकडे मागायची. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. दोन, तपासणीची पेटी कपाटातून बाहेर काढायची आणि तपासणाऱ्या पाच जणींत प्रत्येक वस्तीतली बाई असेल असे पाहायचे. तीन, गावातल्या सर्व स्रोतांचा नकाशा काढून त्यावर उकिरडे, शोषखड्डे आणि बोअर दाखवायचे. चार, ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत कार्डाचा रंग आणि तपासणीचे निकाल मोठ्याने वाचायचे, आणि फळ्यावर लिहायचे.

पहिला पाऊस पडल्यावर आठ दिवसांच्या आत प्रत्येक गावाने आपली बाटली भरावी. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने निकाल लिहून आणावा. कोणत्या विहिरीचे पाणी, कोणत्या तारखेला भरले, काळे पडले की नाही, आणि ग्रामपंचायतीने त्यावर काय केले. या चार ओळींवरून आपण पुढचे ठरवू.