दंड आणि दम

‘शरीर कमावणे’ हा शब्दप्रयोग मराठीत जुना आहे आणि मोठा अर्थपूर्ण आहे. पैसा कमवावा, नाव कमवावे, तसेच शरीरही कमवावे लागते. पण कमाईची गोष्ट निघाली की खर्चाचीही ओघाने येते. कमावलेले शरीर खर्च कोठे करावयाचे आहे? कुस्तीच्या हौद्यात, शरीरसौष्ठवाच्या रंगमंचावर, की पाठीवर ओझे आणि हातात रायफल घेऊन एखाद्या चढणीवर? या तिन्ही ठिकाणी लागणारे शरीर एकच असते, अशी एक समजूत आपल्या तरुणांत रूढ होऊ पाहत आहे, आणि सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचे तिच्यापायी पुष्कळ नुकसान होते.

नोकरीच्या निमित्ताने ज्याला जिल्ह्याच्या गावी राहावे लागते, त्याला ही मुले रोज दिसतात. पहाटे अजून फटफटले नसते तोच ती डांबरी सडकेच्या कडेने धावत असतात. संध्याकाळी तीच मुले व्यायामशाळेत आरशासमोर वजने उचलताना आढळतात. सकाळचा गुरू सांगतो, ‘वजने उचलू नकोस, अंग जड होईल.’ संध्याकाळचा गुरू सांगतो, ‘इतके धावू नकोस, कमावलेले सारे झडून जाईल.’ मुलगा बिचारा दोघांचेही अर्धे अर्धे ऐकतो. फायलींच्या ढिगाऱ्यामागे बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने या वादात पडावे की नाही, हा प्रश्न निराळा. पण वाद खरा आहे आणि त्याचे उत्तर पुष्कळसे उपलब्ध आहे.

प्रथम सैन्य काय मागते ते पाहू. अग्निवीरांच्या भरतीत १.६ किलोमीटरची धाव साडेपाच मिनिटांच्या आत संपवणाऱ्याला पूर्ण ६० गुण मिळतात. चारशे मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या आणि दर फेरीला सुमारे ८२ सेकंद, असा हा हिशेब आहे. पाठोपाठ बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी वर नेणे. ते दहा वेळा जमले तर पूर्ण ४० गुण. त्याशिवाय ९ फुटांचा चर ओलांडणे आणि नागमोडी तुळईवरून तोल सावरत चालणे. छातीचेही माप घेतात. पण ती भरदार असून भागत नाही, श्वास घेतल्यावर ती ५ सेंटिमीटर फुगली पाहिजे. म्हणजे छातीच्या आकाराबरोबर तिची हालचालही मोजली जाते. दंडाचा घेर मात्र कोणी टेप लावून पाहत नाही. उंचीच्या प्रमाणात वजन पाहतात, आणि वजनकाट्याला मांस कोणते व मेद कोणता हे ओळखता येत नाही.

आता एक साधे गणित. सारख्याच ठेवणीचे दोन पुरुष घ्या, एक लहान व एक थोराड. स्नायूचे बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर शरीराचे वजन घनफळाच्या हिशेबाने वाढते. त्यामुळे थोराड माणूस जमिनीवरचे ओझे अधिक उचलील, पण स्वतःचाच देह वर ओढावयाची वेळ आली की लहान चणीचा माणूस बाजी मारतो. बीमला लोंबकळणाऱ्या माणसाच्या मांड्या हे त्या वेळेपुरते निव्वळ सामान असते. धावणाऱ्याचे दंडही तसेच. सामान वाढवावयाचे तर ते वाहून नेणारी ताकदही त्याच वेगाने वाढते आहे ना, हे दर आठवड्याला पाहिले पाहिजे. पन्नास किलो वजनाला दहा बीम काढणारा मुलगा साठ किलोला सहावरच अडला, तर त्याने दहा किलो कमावले की चार बीम गमावले, याचा विचार त्यानेच करावा.

मग सकाळचा गुरूच खरा म्हणावयाचा काय? तसेही नाही. नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव हे मराठा पलटणीतील शिपाई दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढत होते. कामाने ते कंपनीचे ‘रनर’, म्हणजे निरोप घेऊन धावणारे. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीवर शत्रूच्या मशीनगनचा मारा झाला. बहुतेक साथीदार ठार झाले, काही घायाळ झाले. नदी रुंदीला पंधराएक फूट, पाणी चारपाच फूट खोल. पण तिचे बांध तीस-पस्तीस फूट उंच, जवळजवळ उभे, आणि त्यांत सुरुंग पेरलेले. जाधवांनी एका घायाळाला उचलून पाण्यातून, त्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले; मग परत जाऊन दुसऱ्याला आणले, आणि त्यानंतर शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे धैर्य कोणत्या व्यायामाने येते हे मला सांगता येणार नाही. पण एक जिवंत माणूस खांद्यावर घेऊन पाण्यातून उभा बांध दोनदा चढणे हे केवळ धावण्याच्या सरावाने जमणारे काम नव्हे, आणि केवळ वजने उचलणाऱ्याचेही नव्हे. त्याला पहिल्या खेपेनंतर दुसरी खेप करावयास दम उरला नसता.

धावणे आणि वजने यांचा परस्परांशी झगडा होतो काय, याचा पद्धतशीर तपास अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन गट केले. एकाने फक्त वजने उचलली, दुसऱ्याने फक्त दमसासाचा व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही. हा क्रम दहा आठवडे चालला. तिसऱ्या गटाचे बळ सुमारे सात आठवडे पहिल्या गटाच्या बरोबरीने वाढत गेले, मग थबकले आणि शेवटी शेवटी उतरू लागले. संध्याकाळच्या गुरूला यात आनंद वाटेल. पण त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष सहसा कोणी सांगत नाही: वजने उचलल्यामुळे तिसऱ्या गटाचा दमसास दुसऱ्या गटापेक्षा मुळीच कमी झाला नाही. शिवाय त्या मंडळींचा क्रम फार कडक होता. आठवड्यातून पाच दिवस वजने आणि सहा दिवस दमाचा व्यायाम. म्हणजे झगडा आहे, पण तो प्रमाणाचा आहे. पुढे इतरांनी केलेल्या कामावरूनही हेच दिसते की, दोन्ही व्यायामांत काही तासांचे अंतर ठेवले आणि दोहोंचा अतिरेक टाळला, तर बळ आणि दम एका घरात नांदू शकतात.

आपल्या जुन्या तालमींना हे प्रयोगाशिवाय कळले होते, असा दावा मी करणार नाही. जुने ते सारे शास्त्रीय असे म्हणण्याची हौस हल्ली जरा जास्तच झाली आहे. परंतु मल्लखांब, दोरावरची चढण, जोर आणि बैठका यांत एक गोष्ट समान आहे: उचलावयाचे वजन स्वतःचेच असते. फाजील मांस चढले की खांब लगेच तक्रार करतो. सैन्यातल्या युद्धसज्जतेच्या चाचणीतही उभ्या दोरावर चढणे आणि आडव्या दोरावरून जाणे आहेच. आणि कुस्ती म्हणजे अगडबंब देह असे समजणाऱ्यांनी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवावेत. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी मिळवले, ते ५७ किलोच्या गटात.

तेव्हा ज्याला अंगही भरावयाचे आहे आणि भरतीही गाठावयाची आहे, त्याने काय करावे? आठवड्यातून तीन दिवस वजने पुरेत. उठाबशी, जमिनीवरून वजन उचलणे, डोक्यावर वजन नेणे आणि बीम, एवढे चार प्रकार मनापासून केले तर आरशासमोरचे बाकीचे सोपस्कार वगळले तरी चालतील. पहिल्या काही आठवड्यांत दंड न फुगताही ताकद वाढलेली दिसेल. मेंदू आणि मज्जातंतू अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकतात, त्याचा हा परिणाम असतो. जड वजन थोड्या आवर्तनांत, तीन ते पाच वेळा, उचलल्याने हे बळ वाढते. आकार वाढतो तो कामाच्या एकूण राशीने आणि जेवणाने.

धावणे वजनांच्या आधी, शक्यतो सकाळी. आणि त्यातले बहुतेक सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतके. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे आणि श्वास तोंडाशी येणे ही त्या अर्ध्याची खूण दिली आहे. रोजच्या धावण्याला ती आजही उत्तम लागू पडते. आठवड्यातून एक-दोनदा मात्र चारशे मीटरच्या वेगवान फेऱ्या, मध्ये विश्रांती घेऊन, ८० सेकंदांच्या आसपास माराव्यात. रोजच शर्यत धावणाऱ्याच्या नडगीचे हाड दुखू लागते. हा रोग सैनिकांचाच म्हणून ओळखला गेला: प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली कूच करून पाय सुजलेल्या नव्या शिपायांचे वर्णन केले. पुढे क्ष-किरणांनी दाखवले की त्या पायांची हाडे अतिश्रमाने बारीक चिरलेली असतात. एकाच जागी दाबल्यावर नडगी दुखत असेल तर डांबरी सडक सोडावी, आणि दुखणे राहिले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. ते अंगावर काढल्यास भरतीची एक संधी हातची जाते, आणि वयाची अट कोणासाठी थांबत नाही.

आहाराविषयी पुष्कळ गूढ निर्माण केले गेले आहे. वाढत्या स्नायूंना दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. त्याहून अधिकाचा म्हणण्यासारखा लाभ दिसत नाही. साठ किलोच्या मुलाला हे झाले ९६ ग्रॅम. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत तेरा, अर्धा लिटर दुधात सोळा, शंभर ग्रॅम हरभरे किंवा डाळीत वीस-बावीस, दिवसभराच्या भाकरी-चपातीत तीसच्या आसपास, आणि चार अंड्यांत चोवीस. अंडी न खाणाऱ्याला पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या तेवढेच देतात. किराणा दुकानात भागणारी गोष्ट आहे. महिन्याला अर्धा ते एक किलो वजन वाढले तर उत्तम. त्याहून वेगाने वाढते ते बव्हंशी मेद असते.

आणि डब्याच्या पलीकडे एक काळी बाजू आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. काही ठिकाणी मुलांना ‘ताकदीची’ इंजेक्शने दिली जातात. त्यांतली काही पुरुषी संप्रेरकांची असतात. बाहेरून संप्रेरक आले की शरीर स्वतःचे निर्माण करणे थांबवते, वृषण आक्रसतात, प्रजननशक्ती घटते, हृदयाचे स्नायू जाड होतात. दुसरे एक औषध मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर तो चढवण्यासाठी ते भूलतज्ज्ञ वापरतात. निरोगी मुलाने ते टोचून घेतले की छाती धडधडते, रक्तदाब एकदम चढतो, थकवा जाणवेनासा होतो. थकवा जात मात्र नाही. फक्त थांब असे सांगणारा पहारेकरी झोपवला जातो. मग मैदानावर धावताना हृदयच थांबण्याचा धोका असतो. आईबापांनी मुलाच्या दंडाकडे कौतुकाने पाहताना त्याच्या खोलीतल्या रिकाम्या कुप्यांकडेही एकदा पाहावे.

शेवटी भरतीच्या आधीच्या दिवसांविषयी थोडेसे. पुष्कळ मुले शेवटच्या आठवड्यातच सर्वांत अधिक राबतात. खरे तर दहा दिवस आधीपासून वजने निम्म्यावर आणावीत, मांड्यांचा जड व्यायाम चार-पाच दिवस आधी अजिबात बंद करावा, धावण्याचे अंतर कमी करून वेग मात्र कायम ठेवावा. आदल्या रात्री मैदानाबाहेर फुटपाथवर झोपण्याची पाळी पुष्कळांवर येते, म्हणून त्याआधीच्या तीन-चार रात्रींची झोप पुरती करून घ्यावी. सकाळी ओळखीचेच अन्न, थोडे आणि धावण्याच्या दोन तास आधी. पहिली फेरी ८२ सेकंदांहून लवकर संपवू नये, मग पुढचा मुलगा कितीही दूर गेलेला दिसो.