कारणाच्या रकान्यात बूट

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका गटाच्या सचिवताईंनी केलेले भाषण)



अध्यक्षताईंनी मला सांगितलं, दशसूत्रीतल्या आरोग्यावर थोडं बोल. मी डॉक्टर नाही, आशाताईही नाही. घरी दोन म्हशी आहेत, दहावीतला मुलगा आहे, सासूबाई आहेत, मालक आहेत, सव्वा एकर भात आहे. गटाचं दप्तर माझ्याकडं आहे. आणि मी पळते. आता पळते म्हटल्यावर मागच्या रांगेत कोण हसलं ते मला दिसलंय बरं का! हसा. पाच वर्षांपूर्वी मीही हसले असते. म्हणून भाषण न करता माझा गेला आठवडाच तुम्हाला सांगते. त्यात आरोग्य किती आणि बाकीचं किती, ते तुम्हीच बघा.

आधी सुरुवात कशी झाली ते सांगायला हवं. माझी थोरली पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, १०० मीटर पळावं लागतं आणि गोळाफेक असते. पहाटे अंधारात पोरीला एकटीला कसं पाठवायचं? मी सोबत जायची आणि दगडावर बसून राहायची. थंडीत बसून बसून हातपाय गारठायचे, म्हणून चालायला लागले. मग चालता चालता तिच्या मागं थोडं पळायला लागले. पोरगी दोन गुणांनी राहिली. आता ती पुण्यात नर्सिंग शिकते. ती गेली आणि माझं पहाटेचं जाणं काही सुटेना.

पोरीबरोबर जात होते तोवर गावात कुणी काही बोललं नाही. एकटी दिसायला लागले तशी रोज चौकशी सुरू झाली. "काय गं, एसटी चुकली का?" "घरात कुणाचं बरं नाही का?" म्हणजे बाई पळतेय तर नक्की काहीतरी वाईट झालंय! मी सांगायची, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. ते खोटं होतं. पण कारण दिलं की माणसं गप्प बसायची. हे "कारण" लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडं येणार आहे.

आमचं गाव यवतेश्वरच्या डोंगराखाली. सपाट रस्ता असा नाहीच. घरातून बाहेर पडलं की पाणंद, मग ओढा, मग गुरांची वाट डोंगराला लागते. शहरातले लोक असल्या वाटेवर पळण्याला ट्रेल रनिंग म्हणतात आणि त्यासाठी गाड्या काढून येतात. आपल्याकडं ती वाट शेण भरून नेण्याची आहे. साताऱ्यात २०१२ सालापासून हिल हाफ मॅरेथॉन होते, २१ किलोमीटरची. साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून परत खाली उतरायचं. गेल्या वर्षी मी त्यात पळाले. तीन तासांना थोडी मिनिटं कमी होती. माझ्या पुढं शेकडो माणसं होती. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत पळाल्या आणि दहाव्या आल्या. ते पळणं वेगळं. माझं पळणं तसलं नाही, मला बक्षीस मिळणार नाही. यंदाची शर्यत आता महिन्यावर आलीय, त्याचा सराव चाललाय.

तर गेला सोमवार. श्रावणी सोमवार, उपवास, पळणं नाही. रविवारी लांब पळालं की सोमवारी मी विश्रांती घेते. विश्रांती म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. गोधडी धुतली, भातात खुरपलं. एक गोष्ट सांगते, चढ चढून मांड्या तितक्या दुखत नाहीत जितक्या उतार उतरून दुखतात. उतारावर प्रत्येक पाऊल शरीराला थोपवत असतं, त्याचा ताण मांडीवर येतो. आणि ते दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं. सोमवारी मी जिना उलटी उतरत होते, सासूबाई देव्हाऱ्यापुढून बघत होत्या.

मंगळवारी चढाचा सराव. ओढ्यापासून वडापर्यंत एक चढ आहे, माझ्या पावलांनी दोनशे दहा. तो सहा वेळा चढायचा. चढताना पळायचा हट्ट धरायचा नाही. उभा चढ आला की हात गुडघ्यांवर ठेवून, पावलं बारीक टाकत चालायचं. दम पुरतो. उतरताना नजर पायाशी ठेवायची नाही, तीन-चार पावलं पुढं ठेवायची. डोक्यावर भारा घेऊन उतरणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. मला वाटतं, आपण निम्मं शिकूनच आलेलो असतो.

आता तुम्ही विचाराल, त्या वेळात धार कोण काढतं? हा खरा प्रश्न आहे, पळण्याचा नाही. मंगळवार, गुरुवार आणि रविवार मालक काढतात. पहिल्या दिवशी थोरल्या म्हशीनं पान्हाच सोडला नाही, उलट बादली लाथाडली. संकलन केंद्र सातला बंद होतं. त्या दिवशीचं दूध गेलं आणि घरात दिवसभर कुणी कुणाशी बोललं नाही. मग सासूबाईंनीच उपाय काढला. माझी जुनी ओढणी मालकांच्या खांद्यावर टाकली. म्हशीला वास ओळखीचा आला आणि ती उभी राहिली. अजूनही ओढणी लागते. हे मी सांगितलेलं घरी कळू देऊ नका.

बुधवारी गटाची बैठक. आज मी मुद्दाम बोलायला उभी राहिले ती या बुधवारसाठी.

बचत झाली, परतफेड झाली. मग आमच्यातल्या एका वयस्कर ताईंनी २,००० रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. मी विचारलं, कारण? त्या म्हणाल्या, घरखर्च. आता सचिव म्हणून मी घरखर्च असं लिहून घेत नाही. प्रशिक्षणात आपल्याला सांगितलंय की कारण स्पष्ट लिहा. मी म्हटलं, "घरखर्च म्हणजे नक्की काय? किराणा? दवाखाना?" त्या गप्प. मी पुन्हा विचारलं, जरा जोरातच. त्यांनी पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "चष्मा गं. दोन वर्षं झाली, सुईत दोरा ओवता येत नाही. तांदळातला खडा दिसत नाही. घरी म्हणतात, या वयात काय वाचायचंय?"

माझं पेन तिथंच थांबलं. कारण त्याच कर्ज वहीत, चार पानं मागं, माझ्या हातानं माझ्याच नावापुढं लिहिलेलं होतं: ३,००० रुपये, कारण घरखर्च.

ते पैसे बुटांचे होते. आधी मी पोरीचे जुने बूट घालायची. ते तिच्या मापाचे, मला अर्धा बोट लहान. उतारावर अंगठा पुढं आपटून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती, एक गळूनच गेलं. साताऱ्यात चांगल्या पकडीचे बूट २,६०० ला मिळाले, मोजे वेगळे. त्या दिवशी बैठकीत "बूट" हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मुलाची फी म्हटली असती तर निघाली असती. पेंड म्हटली असती तर निघाली असती. स्वतःच्या पायासाठी, ते पण पळायला! मी सचिव, वही माझ्या हातात, कोण विचारणार? लिहिलं घरखर्च. आणि मालकांना बूट सातशेचे सांगितले.

मी वही उलटी फिरवली, सगळ्यांपुढं ठेवली आणि सांगून टाकलं.

तुम्हाला वाटत असेल, सगळ्यांनी जवळ घेतलं. तसं काही झालं नाही. कोषाध्यक्ष काकू लालबुंद झाल्या. "हप्ता वेळेवर दिलास हे खरं. पण सचिवच खोटं लिहायला लागली तर वही कशाला ठेवायची? उद्या बँकेचा माणूस वही बघणार, त्याला काय सांगायचं?" त्यांचं बरोबर होतं. दुसरी म्हणाली, "पळायला कर्ज? उद्या कुणी महाबळेश्वर बघायला मागेल." तिसरी म्हणाली, "मागितलं तर? परत करतेय ना?" अर्धा तास वाद चालला. मी मध्ये बोलले नाही. त्या वयस्कर ताई मात्र माझ्याकडं बघत होत्या, आणि ते बघणं मला जास्त टोचलं. दहा मिनिटांपूर्वी मी त्यांना चारचौघींत उभं करून विचारलं होतं.

शेवटी ठराव झाला. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर खरं कारण लिहायचं, बाजूला अध्यक्षांची सही आणि तारीख. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. मला ५० रुपये दंड, तो त्याच बैठकीत भरला. चष्म्याचं कर्ज मंजूर झालं आणि कारणाच्या रकान्यात मी चष्मा लिहिलं. माझ्या रकान्यात आता बूट आहे. शेकडा दोन रुपयांनी, महिन्याला ५०० मुद्दल, सहा हप्त्यांत व्याज एकूण २१० रुपये. तीन हप्ते झाले, तीन राहिलेत.

रात्री मालकांना खरा आकडा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, गोठ्याच्या पडवीतून बूट उचलून आत आणले आणि म्हणाले, "सव्वीसशेचे बूट उंदरांपुढं ठेवतात होय?" राग होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही. शुक्रवारपर्यंत ते तुटकच बोलत होते, एवढं खरं.

गुरुवारी मन जागेवर नव्हतं आणि मी पडले. सड्यावरचा जांभा पावसात शेवाळतो, त्यावर पाय गेला आणि उजवा घोटा मुरगळला. शेजारच्या काकी लगेच तेल घेऊन चोळायला बसल्या. तसं करू नका. पहिले एक-दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. गार पाण्याची पट्टी ठेवायची, पाय उशीवर उंच ठेवायचा, पट्टा बांधायचा. पायावर भारच देता येत नसेल तर दवाखान्यात दाखवायचं, हाड दुखावलेलं असू शकतं. माझं हलक्यात निभावलं. शुक्रवारी पळाले नाही, बाजारालाही मुलालाच पाठवलं. कोथिंबीर विसरला, बाकी सगळं आणलं.

शनिवारी उपकेंद्रात रक्त तपासलं. पळायला लागले तेव्हा माझं हिमोग्लोबिन ९.२ होतं. बाईचं १२ च्या वर हवं. मला वाटायचं, दम लागतो तो वयानं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, आणि आपण सगळ्या त्याला थकवा म्हणून सोडून देतो. लोहाच्या गोळ्या घेतल्या. जेवणाबरोबरचा चहा सोडला, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळायला लागले, त्यानं लोह जास्त लागू पडतं. शनिवारी १२.१ आलं. पळण्यानं रक्त वाढलं असं समजू नका. गोळ्यांनी आणि जेवणानं वाढलं. पण पळत नसते तर तपासायला गेलेच नसते.

रविवारी घोट्याला पट्टा बांधून फक्त आठ किलोमीटर केले, तेही बरंचसं चालत. ठरवले होते सोळा. बरोबर पाण्यात मीठ, साखर, लिंबू घातलेली बाटली होती. घरी आल्यावर नाचणीची आंबील. सड्यावर पोचले तेव्हा धुकं इतकं होतं की पुढची वाट दिसत नव्हती, म्हणून थांबले आणि दगडावर बसले. पोरीसाठी बसायची तशीच. खालून संकलन केंद्राच्या कॅनचा आवाज येत होता. त्यात आमचंही दूध असणार, ओढणीच्या कृपेनं.

कुणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी सहाला मी ओढ्यापाशी असते. पहिला महिना नुसतं चालायचं. ज्यांना रक्तदाब आहे, साखर आहे, दिवस गेलेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून यायचं. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं, लाजायचं नाही. ज्या दोघी आत्ता येतात त्या साध्या कॅनव्हासच्या बुटांत येतात, बुटांसाठी अडून बसू नका. आणि घ्यायचेच असतील तर पायाच्या मापापेक्षा अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवून घ्या, नाहीतर नखं जातील माझ्यासारखी.

बाकी काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी विचारा. मला साडेपाचच्या गाडीनं निघायचंय. आज सोमवार, आज धार माझ्याकडं आहे.