नवी गाडी पहाटे रुसली तर

जित्याहून पहाटे भाजी भरून वाशीचा बाजार गाठायचा आणि पिकअप नुसती 'टक्' करते! मी नव्याने घेतलेल्या गाडीनेही हेच केलं. बॅटरी बदलायला निघालो होतो. दोष निघाला अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टात. आपली हवा खारी, गंज चढायचाच. इंजिन बंद करून आधी ऋण बाजूची वायर सोडा, टोकं घासून घट्ट आवळा, ऋण वायर शेवटी जोडा. मग मीटर लावा: उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असता १४ च्या आसपास. चालू असूनही १३ च्या खाली राहिलं, तर अल्टरनेटर तपासून घ्या. फ्यूज उडाला म्हणून जाड तार मात्र घालू नका, वायरिंग पेटतं. गाडी हमीत असेल तर वायर कापण्याआधी विक्रेत्याला दाखवा.