कमानींचे नाते

कलबुर्गीच्या, म्हणजे आपल्या जुन्या गुलबर्ग्याच्या, किल्ल्यातील जामा मशीद पाहावयास आलेल्या पाहुण्यास एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : 'ही स्पेनमधील कॉर्डोव्हाच्या मशिदीची प्रतिकृती आहे.' हे वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. परंतु ते कितपत खरे आहे, याचा थोडा शोध आज आपण घेऊ.

त्यासाठी प्रथम युरोपातील प्राचीन ख्रिस्ती मंदिरांकडे वळले पाहिजे. रोमन देवालयात मूर्ती आत असे आणि यज्ञविधी बाहेरच्या वेदीवर होत. ख्रिस्ती उपासनेत मात्र सर्व समुदायाने छताखाली एकत्र यावयाचे असते. म्हणून इ. स. ३१३ मध्ये धर्माचरणाची मोकळीक मिळाल्यावर ख्रिस्ती लोकांनी देवालयाचा नमुना न उचलता 'बासिलिका' या रोमन सभागृहाचा उचलला. न्यायदान व व्यापार यांसाठी बांधलेली ही लांबट इमारत उपासनेसाठी सोयीची ठरली.

पुढे स्पेनवर व्हिसिगॉथ राजे राज्य करू लागले. त्यांपैकी रेसेस्विंथ राजाने ६६१ मध्ये बांधलेले सान हुआन दे बान्योस हे लहानसे चर्च आजही उभे आहे. त्यातील कमानी घोड्याच्या नालेसारख्या आहेत. ही कमान इस्लामी म्हणून प्रसिद्ध आहे. पण अरब सैन्य स्पेनमध्ये उतरले ते ७११ मध्ये! पुढे ७८५ च्या सुमारास कॉर्डोव्हाची मशीद बांधावयास घेतली, तेव्हा रोमन व व्हिसिगॉथ इमारतींचे जुने खांब तेथे वापरण्यात आले. ते आखूड पडत होते. म्हणून कारागिरांनी कमानीवर कमान चढवून छत उंच केले. १२३६ मध्ये ती वास्तू कॅथीड्रल झाली. आता ती कोणाची म्हणावयाची?

त्याच काळात उत्तर स्पेनमधील ख्रिस्ती राज्यात दुसरा प्रयोग चालला होता. लाकडी छतास आगीचे भय असे. नवव्या शतकाच्या मध्यास रामिरो राजाने ओव्हिएदोजवळ नारान्को येथे बांधलेल्या वास्तूवर आडव्या पिंपासारखे अर्धगोल दगडी छत आहे. त्याचा भार पेलण्यासाठी भिंतींना बाहेरून दगडी धिरे दिले आहेत. हा राजमहाल पुढे चर्च झाला.

आता पुन्हा गुलबर्ग्यास येऊ. आपली मशीद १३६७ ची. तिचा कर्ता इराणमधील कझवीनचा रफी. लांबी सुमारे २१६ फूट, रुंदी १७६ फूट. कॉर्डोव्हास बारीक खांबांचे वन आणि समोर प्रशस्त अंगण आहे. येथे जाडजूड चौकोनी खांब आहेत व अंगण मुळीच नाही. सारी मशीद छताने आच्छादलेली आहे. कडेच्या कमानी अतिशय रुंद असून जमिनीपासून थोड्याच उंचीवर सुरू होतात, आणि त्यांतून उजेड आत येतो. नालेच्या आकाराशी त्यांचा संबंध नाही. तेव्हा साम्य आहे ते एवढेच की, अनेक माणसांना एका छताखाली कसे आणावे, हा प्रश्न दोन्हीकडे होता. उत्तर ज्याने त्याने आपल्या दगडचुन्यातून शोधले.

मी ख्रिस्ती शिक्षक आहे. ख्रिस्ती कला म्हणजे सारे विलायती आणि मशीद म्हणजे सारे परके, असे मुले सहज बोलून जातात, तेव्हा मला काळजी वाटते. ज्या वास्तूस आपण परकी म्हणतो, तिची पडझड आपल्याला सलत नाही. मग तिच्या भिंतीवर नाव कोरताना हातही कचरत नाही.

श्रोतेहो, भालकी, हुमनाबाद, आळंद येथून गुलबर्गा काही दूर नाही. सवड काढून मुलांना ती मशीद दाखवा. ती कोणाची नक्कल आहे हे सांगू नका; तिचे छत कशावर उभे आहे, एवढेच विचारा. उत्तर शोधता शोधता ती वास्तू त्यांची होईल.