मोटारीची बोलकी किल्ली

कुलूप आणि किल्ली यांचें नातें फार जुनें आहे. तें नातें आजवर केवळ आकाराचें होतें. किल्लीचे दांते कुलपांत बरोबर बसले कीं दार उघडावें, एवढाच दोघांमधील करार. आजच्या मोटारीच्या किल्लीनें या करारांत दोन नवीं कलमें घातलीं आहेत. आणि तीं ठाऊक नसल्यामुळें भल्याभल्यांची तारांबळ उडते.

एका गृहस्थाची हकीकत उदाहरणादाखल घेण्यासारखी आहे. त्यांच्या मोटारीची किल्ली चारदां दाबल्यावर एकदां दाद देऊं लागली, म्हणून त्यांनीं सायंकाळीं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती उघडली, जुना सेल काढून नवा बसविला, आणि काम फत्ते झालें अशा समाधानानें ती खुंटीला अडकविली. मध्यरात्रीं त्यांच्या वृद्ध मातोश्रींस धाप लागली. त्यांना हातांवर उचलून अंगणांत आणलें, तों किल्लीचें बटण मुकें! लोखंडी पात्यानें दार उघडलें. पण इंजिन क्षणभर गुरगुरून बंद पडलें. पुन्हां तोच प्रकार. शेवटीं शेजारच्या रिक्षावाल्यास उठवावें लागलें. मातोश्री बचावल्या, हें दैव. परंतु त्या अर्ध्या घटकेंत मुलाच्या जिवाची जी तगमग झाली, ती त्याचा त्यालाच ठाऊक.

आतां यांत चुकलें काय? तें समजण्यासाठीं या किल्लीच्या पोटांत शिरलें पाहिजे.

बटण दाबतांच किल्ली एक संदेश हवेंत सोडते. हें भाषण ज्या जातीच्या लहरींवर स्वार होऊन येतें, त्याच जातीच्या लहरी या कामीं उपयोगी पडतात. भारतांत व युरोपांत बहुतेक मोटारींच्या किल्ल्या सेकंदास सुमारें ४३ कोटि ३९ लक्ष आंदोलनांची लहर वापरतात. सुरुवातीच्या काळांत हा संदेश नेहमीं एकच असे. त्यामुळें आडोशाला बसलेल्या चोरानें तो टिपून ठेवला, तर मागाहून त्याच संदेशानें दार उघडणें त्याला साधे. यावर उपाय निघाला तो असा, कीं किल्लीनें प्रत्येक खेपेस नवा सांकेतिक शब्द उच्चारावा. किल्लीच्या पोटांत एक मोजणी चालते; बटण दाबलें कीं आंकडा एकानें वाढतो, आणि तो गुप्त लिपींत गुंडाळून धाडला जातो. मोटारीजवळही तीच लिपि व तीच मोजणी असते. एकदां वापरलेला शब्द मोटार पुन्हां मानीत नाहीं.

पण खिशांतल्या खिशांत बटण दाबलें गेलें, किंवा मोटार दूर असतां मुलानें खेळतां खेळतां तें दाबलें, तर किल्लीची मोजणी पुढें जाते आणि मोटार मागें राहते. त्यासाठीं सवलत ठेवलेली असते. दक्षिण आफ्रिकेंत १९८० नंतरच्या दशकांत निघालेल्या ‘कीलॉक’ नांवाच्या प्रसिद्ध पद्धतींत किल्ली १६ पावलांपर्यंत पुढें गेली असली, तर मोटार तिला मुकाट्यानें स्वीकारते. त्याहून पुढें, सुमारें ३२,००० पावलांपर्यंत गेली असली, तर लागोपाठचे दोन शब्द ऐकल्यावर तिची खात्री पटते. म्हणूनच दूर राहिलेल्या किल्लीचें बटण दोन-तीन वेळां दाबलें कीं काम होतें.

सेल बदलल्यानें ही मोजणी पुसली जाते, असा पुष्कळांचा समज आहे. तो बहुतेक किल्ल्यांच्या बाबतींत खरा नाहीं. मोजणी ज्या स्मृतींत साठविलेली असते, ती वीज गेली तरी टिकते. म्हणून सेल बदलल्यावर किल्लीला सारें नव्यानें शिकवावें लागत नाहीं; फार तर जुळणी करावी लागते. ओपेलच्या कित्येक गाड्यांच्या हस्तपुस्तिकेंत ती कृति अशी दिली आहे, कीं सेल बदलल्यावर दार किल्लीच्या पात्यानें उघडावें आणि इग्निशन चालू करावें. जुळणी आपोआप होते. अन्य गाड्यांच्या कृति निराळ्या असतात. त्या हस्तपुस्तिकेंत पाहाव्या. ऐकीव कृति करूं नये.

मग बटण मुकें कां होतें? बहुधा कारण क्षुल्लक असतें. सेल उलटा बसलेला असतो, किंवा पितळी पट्टी वांकून सेलला टेकत नाहीं. कधीं सेलच चुकीचा असतो. सेलवरील ‘सीआर २०३२’ या अक्षरांत अर्थ आहे: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. ‘२०२५’ म्हणजे जाडी अडीच मिलिमीटर. दोहोंचा दाब ३ व्होल्टच. पण पातळ सेल घरांत सैल राहतो. त्या गृहस्थांच्या किल्लींत हेंच झालें होतें.

आतां दुसरें कलम. बटण आणि इंजिन यांचा संबंध नाहीं. किल्लींत आणखी एक लहानसा तुकडा असतो. त्याला सेल लागतच नाहीं. किल्ली घालण्याच्या जागेभोंवतीं तारेचें वेटोळें असतें. त्यापासून तो तुकडा आपल्यापुरती वीज घेतो आणि आपली ओळख सांगतो. ओळख पटली नाहीं, तर इंजिन चालत नाहीं. युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. म्हणजे सेल पार मेला तरी किल्ली फिरवून मोटार चालूं शकते. ज्या गाड्यांत किल्ली फिरवावी लागत नाहीं, त्यांतही सोय असते. उदाहरणार्थ, टोयोटाच्या अशा गाड्यांत ब्रेक दाबून किल्ली चालू करण्याच्या बटणाला टेकविली, कीं तिची ओळख पटते.

कांहीं किल्ल्यांत हा तुकडा सुटा बसविलेला असतो. त्या गृहस्थांनीं सकाळीं वर्तमानपत्र उचललें, तेव्हां घडीमधून चिंचोक्याएवढा काळा तुकडा घरंगळला. केर समजून तो टाकला असता, तर नवी किल्ली करवून मोटारीशीं तिची ओळख करून द्यावी लागली असती. तें काम बहुधा कारखान्याच्या यंत्रानेंच होतें. आणि कित्येक गाड्यांत त्या वेळीं घरांतील सर्व किल्ल्या बरोबर न्याव्या लागतात, नाहींतर न नेलेल्या किल्ल्यांची ओळख पुसली जाते.

तेव्हां किल्ली उघडावी ती उजेडांत, ताटांत ठेवून. जुना सेल काढण्यापूर्वीं त्याची वरची बाजू पाहून ठेवावी. आणि काम संपल्यावर दार व इंजिन हीं दोन्ही तपासावीं. दुसरी किल्ली कपाटांत निजवून न ठेवतां महिन्यांतून एकदां वापरावी.

शेवटीं एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काढलेला सेल टेबलावर राहूं देऊं नये. तो चकाकतो, नाण्यासारखा दिसतो, आणि लहान मूल तो सहज तोंडांत घालतें. अन्ननलिकेंत अडकलेला असा सेल दोन तासांच्या आंत तेथील त्वचेस खोल भाजतो. जुना झालेला सेलही त्याला अपवाद नाहीं. असा संशय आल्यास क्षणाचाही विलंब न लावतां मुलास रुग्णालयांत न्यावें, ओकारी काढवूं नये. त्या गृहस्थांनीं तुकडा जागच्या जागीं बसविला, योग्य सेल आणला, आणि जुना सेल चिकटपट्टींत गुंडाळून उंच फळीवर ठेवला. त्यांच्या घरीं दोन वर्षांची नात आहे.