अक्रोडाच्या लाकडाची निगा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही; पण घरी हाताने केलेले काम सांगायला हरकत नसावी.

आपल्यापैकी काहीजणींनी काश्मीरच्या सहलीहून अक्रोडाची नक्षीदार तिवई किंवा पेटी आणली आहे. पुढे तिची कळा उतरली, की आपण पॉलिशवाल्याला सांगतो, "चकचकीत करून द्या." माझे म्हणणे एवढेच, की आधी चकाकी पाहू नका; वस्तूचा वापर पाहा.

लाखेचे पॉलिश दिसते सुरेख, पण त्यावर गरम भांडे किंवा ओला पेला टेकला, की पांढरा डाग उठतो. म्हणून ते पेटीला, कपाटाला ठीक. चहाच्या मेजाला बेलतेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारे कढवलेले जवसाचे तेल, बरे. डाग पडला तरी तेवढ्याच जागी पुन्हा हात देता येतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल मात्र लावू नये. ती तेले वाळत नाहीत; चिकट राहून धूळ धरतात.

आधी जुने पॉलिश ओळखावे. खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटचा बोळा टेकवावा. जागा चिकट झाली तर ती लाख. तिच्यातून तेल मुरत नाही. तिथे मेणाच्या पॉलिशचा हलका हात पुरे.

कोऱ्या लाकडावर १२० व मग २२० नंबरचा काचकागद रेषांच्या दिशेने हलकेच फिरवावा. नक्षीवर नको, तिची धार जाते. तिथे मऊ ब्रशने धूळ काढावी. मग तेलाचा पातळ हात द्यावा, १५ मिनिटांनी वरचे तेल पुसून घ्यावे आणि निदान एक दिवस वाळू द्यावे. असे ३ हात पुरतात. पावसाळ्यात हे काम काढू नये; तेल लवकर वाळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. तेलाचे फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि तो बोळा काडी न लावताही पेट घेऊ शकतो. फडके घराबाहेर एकेरी पसरून वाळवावे, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावे. घरातल्या सर्वांना हे सांगून ठेवा.

अक्रोडाचा रंग उन्हाने फिका पडतो, म्हणून वस्तू खिडकीपासून दूर ठेवावी. काश्मीरात हे झाड तोडण्यावर १९६९ साली कायद्याने बंधन घातले गेले. असे लाकूड पुन्हा सहजी हाती येत नाही. आहे ते नीट राखावे.